अध्यादेश नव्हे, उपविधी!

महोदय,

अमेरिकेत एखाद्या शाळेत वा बाजारात गोळीबार झाला की पुढच्या चार दिवसांत मराठी वृत्तपत्रांत दोन वाक्ये हमखास दिसतात. 'अमुक शहराने शस्त्रांवर निर्बंध घालणारा अध्यादेश काढला' हे एक आणि 'अमेरिकेत बंदुकांबाबत कायदा होतच नाही' हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कायदा वॉशिंग्टनहून खाली उतरतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बंदुकीचा नियम तिथे बऱ्याचदा शेजारच्या गावातून येतो.

आधी शब्दाचे बघू. तिथली नगरपालिका जो 'ऑर्डिनन्स' करते तो आपल्याकडचा अध्यादेश नव्हे. आपला अध्यादेश राष्ट्रपती किंवा राज्यपाल काढतात, तोही सभागृहाचे अधिवेशन चालू नसताना, आणि अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांत मंजुरी मिळाली नाही तर तो गळून पडतो. अमेरिकी गावाचा ऑर्डिनन्स निवडून आलेल्या सभेने दोन वाचने करून मंजूर केलेला असतो, कायम असतो आणि मोडल्यास दंड होतो. मराठीत त्याला उपविधी म्हणावे. 'रिझोल्यूशन' म्हणजे ठराव. तो सभेचे मत सांगतो, कोणावर बंधन घालत नाही. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

आपला गोंधळ होणे साहजिक आहे. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत पाचव्या क्रमांकावर आहे. परवाना 1959 च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हादंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त देतात. एका माणसाने किती हत्यारे बाळगावीत (2019 च्या दुरुस्तीपासून तीनऐवजी दोन) हेही दिल्लीतच ठरते. उद्या एखाद्या नगरपरिषदेने 'आमच्या हद्दीत पिस्तूल बंद' असे मंजूर केले तर ते हसण्यावारी जाईल. आपल्याकडचे जवळचे उदाहरण द्यायचे तर आडव्या बाटलीचे. एका वॉर्डातल्या बायकांनी दारूचे दुकान मतदानाने बंद पाडले की शेजारच्या वॉर्डात अर्ज तयार होतो. पण मतदान घेण्याचा तो अधिकार राज्याने दिलेला असतो, आणि राज्य तो काढूनही घेऊ शकते. अमेरिकेतल्या गावांची गोष्ट इथूनच सुरू होते.

शिकागोच्या उत्तरेला मॉर्टन ग्रोव्ह नावाचे उपनगर आहे, तेव्हा चोवीसेक हजार वस्तीचे. 1981 मध्ये तिथे एकाने बंदुकांचे दुकान काढायला परवानगी मागितली. दुकान कसे अडवायचे यावर चर्चा सुरू झाली आणि जूनमध्ये सभेने त्याच्या बरेच पुढे जाऊन उपविधी क्रमांक 81-11 मंजूर केला. गावात कोणीही पिस्तूल बाळगायचेच नाही, मग ते स्वतःच्या घरात का असेना. पोलिसांसारखे मोजके अपवाद होते. असे करणारे ते देशातले पहिले गाव. पुढच्या वर्षी शिकागोने नव्या पिस्तुलांची नोंदणी थांबवली, इव्हॅन्स्टनने बंदी आणली, 1984 मध्ये ओक पार्कने. याच लाटेला दुसरीकडून उत्तर आले. जॉर्जिया राज्यातल्या केनेसॉ या गावाने मार्च 1982 मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक आणि गोळ्या बाळगल्याच पाहिजेत असा उपविधी केला. ज्याला परवडत नाही, ज्याला आजार आहे, ज्याच्या धर्मात बसत नाही किंवा ज्याला मनापासून नको आहे त्याला सूट होती. म्हणजे सक्ती कोणावरच नव्हती, आणि त्याखाली कोणावर खटलाही झाला नाही. पण हाही उपविधीच, आणि त्याचीही नक्कल पुढे झाली. युटामधल्या व्हर्जिन या छोट्या गावाने 2000 मध्ये केली, जॉर्जियातल्याच नेल्सनने 2013 मध्ये.

मॉर्टन ग्रोव्हला हे जमले कारण इलिनॉय राज्याच्या 1970 च्या घटनेत गावांना 'होम रूल'चा अधिकार आहे (टिळकांच्या होमरूलशी नाते फक्त नावाचे). पंचवीस हजारांवर वस्ती असेल तर तो आपोआप मिळतो, कमी असेल तर मतदान घेऊन मिळवता येतो. खटला अर्थातच झाला. संघराज्याच्या अपील न्यायालयाने 1982 मध्ये गावाच्या बाजूने निकाल दिला, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये. ओक पार्कचा उपविधी यांतल्या पहिल्या निकालानंतरचा आहे हे लक्षात घ्या.

तेव्हा प्रसार कशाचा होतो? 'बंदुका कमी असाव्यात' हा विचार गावोगाव आधीच असतो. त्याला प्रवास करावा लागत नाही. प्रवास करतो तो न्यायालयात टिकलेला मसुदा. हे कॅलिफोर्नियात सर्वांत स्वच्छ दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोने 1982 मध्ये पिस्तूलबंदी केली, ती राज्याच्या अपील न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरवली. कारण तिथे बंदुकांची नोंदणी आणि परवाने हा विषय राज्याने स्वतःकडे ठेवला आहे आणि 'घरात बाळगू नका' हा नियम त्या क्षेत्रात घुसतो. शहराने 2005 मध्ये मतदान घेऊन तीच चूक पुन्हा केली. 2008 मध्ये पुन्हा हरले आणि विरुद्ध पक्षाच्या वकिलांपोटी सुमारे 3,80,000 डॉलर भरले. या दोन्हींच्या मध्ये, 1996 मध्ये, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या वेस्ट हॉलिवूडने वेगळी वाट धरली. बाळगण्याला हात लावला नाही. स्वस्त, हलक्या धातूच्या, पडल्या तरी उडतील अशा पिस्तुलांची विक्री तेवढी बंद केली. खटला झाला, आणि 1998 मध्ये अपील न्यायालयाने सांगितले की विक्रीचे संपूर्ण क्षेत्र राज्याने व्यापलेले नाही, गावाला जागा आहे. मुळात हा मसुदा गावोगाव नेता यावा असाच बांधलेला होता. काही वर्षांत डझनावारी शहरे आणि कौंट्यांनी (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा घटक) तो उचलला. उत्पादकांना गावागणिक वेगळा नियम परवडेना, आमदारांना आपापल्या मतदारसंघात तो लागू झालेला दिसू लागला, आणि 1999 मध्ये राज्यानेच कायदा केला: पिस्तूल विकायचे तर आधी ते प्रयोगशाळेत टाकून पाहायचे, सहाशे गोळ्या झाडून पाहायचे. खालून वर जाण्याचा हा नमुना नंतर सनीव्हेलने गिरवला. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर 2013 मध्ये दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझीनवर बंदी, हातात नसेल तेव्हा बंदूक कुलपात, चोरी झाल्यास 48 तासांत पोलिसांना कळवणे आणि गोळ्या विकत घेणाऱ्यांची दोन वर्षांची नोंद असे चार नियम मंजूर केले. मॅगझीनचा नियम 2015 मध्ये अपिलात टिकला. चोरी कळवणे आणि मॅगझीन बाळगण्यावर बंदी या दोन गोष्टी 2016 च्या जनमतानंतर राज्यभराच्या कायद्यात आल्या.

मसुदा हलतो कसा तेही सांगायला हवे, कारण 'लाट आली' म्हटले की कोणी काही करतच नाही असे वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत 1 जुलै 1993 रोजी एका कार्यालयाच्या इमारतीत आठ जणांची हत्या झाली. त्यानंतर तिथल्या वकिलांनी एक संस्था काढली. आज ती गिफर्ड्स लॉ सेंटर म्हणून ओळखली जाते. ही संस्था नमुना मसुदे देते आणि पालिकेच्या वकिलाला कोणते वाक्य कुठे अडकेल हे सांगते. मग पालिकेचे काम सुरू होते. कॅलिफोर्नियात सभेची विषयपत्रिका 72 तास आधी लावावी लागते. पहिले वाचन, त्यानंतर किमान पाच दिवसांनी मंजुरी, आणि मंजुरीनंतर तीस दिवसांनी अंमल. मसुद्याच्या सुरुवातीला 'ज्याअर्थी'ने सुरू होणारी कलमे असतात. गावात किती बंदुका चोरीला गेल्या, घरात किती अपघात झाले, ही आकडेवारी त्यांत असते. नक्कल करणारे इथेच घसरतात. दुसऱ्या शहराची 'ज्याअर्थी' कलमे जशीच्या तशी उचलली की समोरचा वकील पहिला प्रश्न विचारतो, 'हे आकडे तुमच्या गावचे का?' शेवटी एक कलम असते: यातला एखादा भाग रद्द झाला तरी उरलेला चालू राहील. ते विसरले तर एका वाक्यापायी अख्खा उपविधी जातो.

जागेचे नियम हा आणखी एक टिकाऊ प्रकार. अलमीडा कौंटीने बंदुकीचे दुकान वस्तीपासून 500 फूट लांब हवे असे ठरवले, ते 2017 मध्ये अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने मान्य केले. त्याच कौंटीच्या जत्रेच्या मैदानावर बंदुकांचे प्रदर्शन भरवण्यावरच्या 1999 च्या बंदीचा खटला मात्र 2012 पर्यंत चालला. छोट्या गावाच्या वकिलाला असा बारा-तेरा वर्षांचा खटला परवडत नाही, आणि मूलभूत हक्काच्या खटल्यात पालिका हरली तर समोरच्याच्या वकिलांची फीही बहुधा तिच्याच तिजोरीतून जाते. पुष्कळ मसुदे सभेपुढे न येता मरतात ते याच भीतीने. म्हणून फुकट लढणारी वकिलांची मोठी पेढी मिळाली का, हे गावाच्या राजकीय रंगाइतकेच निर्णायक ठरते.

भीतीही तशीच पसरते, किंबहुना जास्त वेगाने. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2008 मध्ये हेलर खटल्यात, घरात बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क मानून, वॉशिंग्टन शहराची पिस्तूलबंदी रद्द केली. तो निकाल तेव्हा राज्यांना आणि गावांना लागूसुद्धा नव्हता. तो लागू झाला 2010 च्या मॅकडॉनल्ड निकालाने. तरी सत्तावीस वर्षे जपलेली बंदी मॉर्टन ग्रोव्हने महिन्याभरात, जुलै 2008 मध्ये, स्वतः मागे घेतली. इव्हॅन्स्टनही बदलले. शिकागो आणि ओक पार्क लढत राहिले, हरले, आणि नियम मागे घेऊनही त्यांना विरुद्ध पक्षाच्या वकिलांचा खर्च द्यावा लागला.

आता राज्यांकडे येऊ, कारण आपल्या बातम्यांत हाच भाग गळतो. चाळीसहून अधिक राज्यांत 'बंदुकांचा विषय आमचा, गावांनी हात लावू नये' असे सांगणारा कमी-अधिक कडक कायदा आहे. तिथे त्याला प्रीएम्शन म्हणतात. हे कायदेही राज्याराज्यांत नकलेनेच पसरले. मॉर्टन ग्रोव्ह घडल्यावर बंदूकवाल्यांच्या संघटनांनी ठरवून हे काम हाती घेतले. फ्लोरिडाने 1987 मध्ये असा कायदा केला. गावे जुने उपविधी पुस्तकात तसेच ठेवतात म्हणून 2011 मध्ये त्याला दात बसवले: उपविधीला मत देणाऱ्या सभासदाला व्यक्तिशः 5,000 डॉलरपर्यंत दंड, राज्यपालांना त्याला पदावरून काढण्याची मुभा, आणि बचावाचा खर्च पालिकेच्या पैशातून करायला मनाई. फेब्रुवारी 2018 मध्ये पार्कलंडच्या शाळेत सतरा जण मारले गेले तेव्हा जवळच्या कोरल गेबल्सच्या सभेने असॉल्ट रायफलींवर (लष्करी धाटणीच्या अर्धस्वयंचलित बंदुकांवर) बंदीकडे पाऊल टाकले आणि याच दंडापायी मागे घेतले. मग तिथल्या शहरांनी मिळून दंडाच्या तरतुदीवरच खटला भरला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये तरतूद कायम ठेवली. फ्लोरिडातले शहर 'काही करत नाही' असे लिहिण्याआधी एवढे माहीत असावे.

कधी कधी राज्य कुंपणाला एखादी खिडकी ठेवते. इलिनॉयने 2013 मध्ये लपवून बंदूक नेण्याचा कायदा करताना गावांना सांगितले, असॉल्ट रायफलींवर काही करायचे असेल तर कायदा लागू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत करा, नंतर दार बंद. हायलंड पार्कने त्याआधीच जूनमध्ये बंदी मंजूर केली. शेजारच्या डीअरफील्डने हुशारी केली: बंदी न घालता अशा रायफली कशा ठेवाव्या आणि न्याव्या एवढाच साधा उपविधी मुदतीत करून ठेवला, म्हणजे दुरुस्तीचा हक्क शाबूत. पार्कलंडनंतर, एप्रिल 2018 मध्ये, त्याच उपविधीला 'दुरुस्ती' म्हणून संपूर्ण बंदी जोडली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात 2021 मध्ये न्यायमूर्ती तीन-तीन असे विभागले गेले आणि गावाच्या बाजूचा खालचा निकाल टिकला. ज्या उपनगरांच्या सभांनी 'घाई कशाला' म्हणून ते दहा दिवस घालवले, त्यांना पुढे काही करता आले नाही. जुलै 2022 मध्ये हायलंड पार्कच्या मिरवणुकीत सात जण मारले गेले तेव्हा गावात बंदी होतीच, राज्यात नव्हती. राज्याची बंदी जानेवारी 2023 मध्ये आली.

गावच्या नियमाची ही मर्यादा लपवण्यात अर्थ नाही. बंदूक मोटारीत बसून येते. शिकागोने 2013 ते 2016 मध्ये जप्त केलेल्या ज्या बंदुकांचा माग लागला त्यांतल्या साठ टक्के राज्याबाहेरच्या होत्या, एकवीस टक्के एकट्या इंडियानातल्या. कोलोरॅडोतल्या बोल्डरची असॉल्ट रायफलबंदी 12 मार्च 2021 रोजी प्रीएम्शनमुळे न्यायालयात पडली आणि 22 मार्चला तिथल्याच किराणा दुकानात दहा जण मारले गेले. बंदी असती तर टळले असते असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले, पण हल्लेखोराने बंदूक दुसऱ्या गावात घेतली होती. त्या हत्याकांडाने मात्र राज्याचा कायदा बदलला. जून 2021 मध्ये कोलोरॅडोने प्रीएम्शन उठवले, आणि सुमारे वर्षाने, 7 जून 2022 रोजी, बोल्डर, लुईसव्हिल आणि सुपीरियर या तीन शेजाऱ्यांनी जवळपास एकच मसुदा एकाच रात्री मंजूर केला. फायदा उघड होता: बंदूकवाला गाव बदलून निसटणार नाही. तोटा महिन्या-दीड महिन्यात दिसला. सुपीरियरच्या नियमांवर संघराज्याच्या न्यायाधीशांनी तात्पुरती स्थगिती दिली, आणि मसुदा सारखाच असल्याने बाकीच्या गावांनाही हात आखडावा लागला.

कर हा प्रकार शिकण्यासारखा. शिकागो जिथे आहे त्या कुक कौंटीने 2013 पासून प्रत्येक बंदुकीवर 25 डॉलर कर लावला. सिअ‍ॅटलने 2015 मध्ये तोच आकडा घेतला आणि गोळीमागे दोन ते पाच सेंट जोडले. वॉशिंग्टन राज्यात प्रीएम्शन आहे, पण हा नियम नसून कर आहे असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये मान्य केले. मग टॅकोमाने तो उचलला. वर्षाला तीन ते पाच लाख डॉलर मिळतील असा सिअ‍ॅटलचा अंदाज होता. हाती त्याहून बरेच कमी आले, कारण गिऱ्हाईक हद्दीबाहेर गेले. गंमत म्हणजे ज्याची नक्कल झाली तो मूळ कुक कौंटीचा कर 2021 मध्ये रद्द झाला. पैसा बंदुकीच्या हिंसाचारावर खर्च करण्याचे बंधन त्यात नव्हते, सर्वसाधारण तिजोरीत जात होता. सिअ‍ॅटलने ते बंधन सुरुवातीलाच घातले होते. कौंटीने नंतर तेवढी दुरुस्ती करून तो पुन्हा उभा केला.

आता ठरावांकडे. एप्रिल 2018 मध्ये इलिनॉयच्या एफिंगहॅम कौंटीने स्वतःला बंदूकधारकांचे 'अभयस्थान' जाहीर केले, म्हणजे राज्याचे बंदुकांवरचे नवे निर्बंध इथे राबवणार नाही असे सांगितले. स्थलांतरितांना संरक्षण देणाऱ्या शहरांचा शब्द निर्बंधांच्या विरोधकांनी मुद्दाम पळवला होता. व्हर्जिनियात नोव्हेंबर 2019 च्या निवडणुकीत बंदुकांवर निर्बंध हवे असणाऱ्यांकडे सत्ता गेल्यावर दोन-अडीच महिन्यांत 95 पैकी 90 च्या आसपास कौंट्यांनी असे ठराव केले. एवढा वेग का? कारण ठरावाला खर्च नाही, खटल्याची भीती नाही आणि मजकुरात कौंटीचे नाव तेवढे बदलायचे. राज्याच्या महाधिवक्त्यांनी डिसेंबरातच सांगितले की याला कायद्याचे बळ नाही. त्याच राज्याने 1 जुलै 2020 पासून पालिकांना आपल्या इमारती आणि बागांत बंदूकबंदीचा अधिकार दिला तेव्हा अलेक्झांड्रिया, फेअरफॅक्स अशी मोजकीच ठिकाणे पुढे आली. ते उपविधी होते, त्यांत दंड होता, फलक लावायचे होते, खटले होते. आपल्या बातम्यांत दोन्हींना 'निर्णय' म्हणून एकाच तागडीत तोलले जाते. ओरेगॉनमधल्या कोलंबिया कौंटीने मात्र असे अभयस्थान उपविधीच्या रूपात आणले, आणि तिथल्या अपील न्यायालयाने ते 2023 मध्ये रद्द केले.

देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जून 2022 च्या ब्रुएन निकालाने खेळाचे नियमच बदलले. आता 'ज्याअर्थी'तली आकडेवारी पुरत नाही. असा नियम देशाच्या इतिहासात होता का ते दाखवावे लागते. पालिकांचे वकील जुनी दप्तरे धुंडाळू लागले. ॲरिझोनातल्या टूमस्टोनचा 1881 चा उपविधी क्रमांक 9, गावात शिरताना हत्यार जमा करा सांगणारा, त्यावरून घडलेल्या चकमकीमुळे प्रसिद्ध आहे. पण पश्चिमेकडच्या प्रदेशांतल्या अशा नियमांना फारसे वजन देता येणार नाही असे त्याच निकालात लिहिले आहे, त्यामुळे सर्वांना ठाऊक असलेला पुरावाच लंगडा पडतो.

आपल्या बातमीदारांनी अशी बातमी हातात आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: ठराव की उपविधी, त्या राज्यात प्रीएम्शन आहे का, आणि मसुदा आधी कोणत्या गावात होता व तिथे त्याचे काय झाले. सनीव्हेल, सॅन होजे, फ्रीमाँट या पट्ट्यात मराठी घरे पुष्कळ आहेत, त्यांच्या दृष्टीने हा निव्वळ अभ्यासाचा विषय नाही. बंदूक चोरीला गेल्यास सनीव्हेलच्या उपविधीत मुदत 48 तासांची आहे, राज्याच्या कायद्यात पाच दिवसांची. सॅन होजेने 2022 मध्ये बंदूकमालकाला अपघाती इजेचा विमा सक्तीचा केला. जाणूनबुजून झाडलेल्या गोळीचा विमा कोणी उतरवत नाही, म्हणून तो अपघातापुरताच. हद्दीची पाटी ओलांडली की ही बंधने बदलतात, आणि ती पाटी बहुधा एखाद्या सिग्नलच्या पलीकडेच असते.

– स्थानिक स्वराज्य कायद्याचे दोन अभ्यासक, पुणे